नवी खिडकी बसवली, तरी खालची भिंत ओली का?

नमस्कार मंडळी! जुनी लाकडी खिडकी काढली, ॲल्युमिनियमची स्लायडिंग बसवली आणि पहिल्याच जुलैत खिडकीखालच्या भिंतीला ओल. रंगाचे पोपडे सुटलेत, पुट्टीचा भुगा फरशीवर पडतोय. खिडकीवाल्याला बोलावलं की तो सिलिकॉनची नळी घेऊन येतो, आतल्या बाजूने एक पांढरी रेघ ओढतो आणि जातो. पुढच्या सरीला पुन्हा तेच. माझं आजचं म्हणणं एवढंच, की पाणी कुठून शिरतंय हे कळेपर्यंत त्याला ती नळी उघडूच देऊ नका.

जुन्या खिडकीची झडप बाहेर उघडायची, चौकटीवर घट्ट बसायची. पाऊस काचेवरून ओघळून बाहेरच्या बाहेर जायचा. स्लायडिंगचं तसं नाही. तिच्या काचेवरचं पाणी खालच्या ट्रॅकमध्ये उतरतं, आणि ते उतरणारच. ट्रॅकने ते पाणी साठवायचं आणि बाहेरच्या कडेला पाडलेल्या भोकांतून काढून टाकायचं, अशी ही रचना आहे. म्हणजे सगळा खेळ त्या भोकांवर.

[ट्रॅकची बाहेरची कड जवळून दाखवा]

हे बघा. इथे भोकं आहेत, पण माती आणि कबुतराच्या पिसांनी बुजलीत. काही खिडक्यांना ती पाडलेलीच नसतात. आणि काही ठिकाणी गळती थांबवायला आलेल्या माणसाने त्यांच्यावरच सिलिकॉन फासलेलं असतं! पाणी मग आत येणार नाही तर जाणार कुठे?

भोकं मोकळी आहेत, तरी ओल येते? मग वाऱ्याकडे बघा. सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण त्रास नुसत्या पावसाचा नाही. ताशी 54 किलोमीटरचा वारा समोरून आदळला, की काचेवर साधारण 135 पास्कल दाब येतो. हा दाब सुमारे 14 मिलिमीटर उंच पाण्याला तोलून धरतो. म्हणजे वारा ओसरेपर्यंत ट्रॅकमधलं पाणी बाहेर पडतच नाही, उलट चढत जातं. ट्रॅकची आतली कड त्याहून बुटकी असेल तर पाणी घरात सांडतं. स्वस्तातल्या सेक्शनमध्ये, म्हणजे चौकटीच्या ॲल्युमिनियम पट्टीत, नेमकी हीच कड बुटकी ठेवलेली असते. त्यामुळे ओल फक्त वादळी पावसात आणि तीही पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या खिडकीखाली येत असेल, तर पहिला संशय ट्रॅकच्या कडेवर घ्या. सरळ पडणाऱ्या रिपरिपीतही भिंत भिजत असेल तर कारण दुसरीकडे आहे.

ते शोधायला कोरडा दिवस निवडा. हात सहज पोचत असेल तरच ट्रॅकची भोकं चिकणमातीने बंद करा. उंचावर बाहेर वाकायचं नाही, हे मी पुन्हा सांगणार नाही. ट्रॅकमध्ये थोडं पाणी ओता, त्यात चिमूटभर खायचा रंग टाका आणि पातळीवर पेन्सिलने खूण करा. अर्ध्या तासाने बघा. पातळी उतरली आणि पाणी शेजारच्या ट्रॅकमध्येही गेलेलं नाही, तर ते खाली जातंय. वाट बहुतेक वेळा दोनच: कोपऱ्यातला सांधा, नाहीतर ट्रॅक पक्का करायला तळातून मारलेले स्क्रू. ते स्क्रू खालच्या कडप्प्यात, म्हणजे खिडकीच्या तळाशी बसवलेल्या दगडी लादीत, उतरतात आणि पाणी त्यांच्यामागून उतरतं.

पातळी हललीच नाही? मग कडप्पा तपासा. त्याला बाहेरच्या बाजूला उतार हवा. बाहेरच्या कडेवर गोटी ठेवा. आत घरंगळली तर उत्तर मिळालं. जुन्या कडप्प्यावर नवा ग्रॅनाइट चढवताना हा उतार हमखास उलटा होतो. कडप्पा भिंतीच्या थोडा बाहेर आलेला हवा आणि त्याच्या पोटाला खाच हवी, म्हणजे थेंब तिथेच तुटून खाली पडतो. खाच नसेल तर पाणी कडप्प्याच्या पोटाखालून सरकत भिंतीपर्यंत परत येतं.

[खिडकीच्या बाजूची भिंत नाण्याने वाजवून दाखवा]

हा पोकळ आवाज ऐकला? जुनी चौकट भिंतीत रोवलेली असते. ती उपटताना विटा निखळतात आणि त्या खड्ड्यात विटांचे तुकडे कोंबून वरून सिमेंट लिंपलं जातं. बाहेरून चकचकीत, आतून पोकळ. इथे पाण्याचा पाइप धरून बघा, पण सुरुवात खालून करा. आधी कडप्प्याखालची भिंत पंधरा-वीस मिनिटं भिजवा, आत कुणाला तरी बघत बसवा, मगच वर सरका. वरून सुरुवात केलीत तर सगळंच भिजेल आणि कळणार काहीच नाही. ग्रिलचे खिळे, एसीच्या पाइपचं भोक आणि वरच्या छज्जाची भेग याच फेरीत तपासून घ्या.

पाऊस नसतानाही ओल दिसते? डागावर ॲल्युमिनियम फॉइल चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला आले तर हवेतला दमटपणा, फॉइलच्या मागे आले तर पाणी भिंतीतून येतंय.

सोसायटीत राहत असाल तर बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती साधारणपणे सोसायटीकडे असते. पण खिडकी तुम्ही बदललेली आहे, त्यामुळे वाद होणारच. या सगळ्या तपासण्यांचे व्हिडिओ तारखेसकट जपून ठेवा आणि अर्जाला जोडा.

कारण सापडलं, काम झालं, की दिवाळीच्या रंगाची घाई होते. तेव्हा तीच फॉइल पुन्हा लावा. मागे थेंब दिसले तर तेवढा तुकडा तसाच उघडा राहू द्या. पाहुणे येणार असतील तर सोफा तिकडे सरकवा, पण भिंतीला चिकटवू नका.