रानपिंगळा बघायचा तर बसून राहा

रावेरहून पालकडे निघालं, की केळीच्या बागा मागे पडतात आणि सातपुड्यातला साग सुरू होतो. जानेवारीतली सकाळ, साडेसात वाजलेत. निष्पर्ण फांदीवर, उन्हाकडे तोंड करून वीतभर उंचीचा पक्षी बसलाय. शेपटी डावीकडे झटकतो, मग उजवीकडे. हा रानपिंगळा, एक छोटं घुबड.

१८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना (संग्रहालयात जपलेला मृत पक्षी) कुणाला मिळाला नव्हता. १९१४ मध्ये गुजरातेत मिळाला म्हणून एक नमुना दाखवला जायचा. तो संग्रहालयातून चोरून, चिठ्ठी बदललेला निघाला. जुने अस्सल नमुने पुन्हा तपासून पक्षीअभ्यासक पामेला रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट खानदेशात आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ तो जिवंत सापडला.

देवळाजवळच्या वडावर दिसतो तो बहुतेक साधा पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचं डोकं मोठं आणि जवळजवळ कोरं, छाती तपकिरी, पोटाचा मधला भाग स्वच्छ पांढरा, शेपटीवर रुंद पट्टे. पायांवरची पांढरी पिसं दुर्बिणीतून विजारीसारखी दिसतात.

तो दिवसा शिकार करतो आणि आपला इलाका सहसा सोडत नाही. म्हणून तो दिसतो, आणि म्हणूनच त्याला त्रास देणंही सोपं. मोबाईलवर त्याचा आवाज वाजवला की नराला वाटतं, दुसरा नर घुसला. तो सरडा-उंदीर सोडून भांडायला येतो. फोटो छान मिळतो, यात शंका नाही. पण हिवाळा हा विणीचा काळ. मादी ढोलीत अंडी उबवत असते आणि तिचं पोट नराच्या शिकारीवर चालतं. तीच बाहेर आली, तर अंडी गार पडतात. आवाज वाजवू नका. एकदाही नाही.

त्यापेक्षा वन विभागाची परवानगी काढा, स्थानिक वाटाड्या घ्या आणि उजाडायच्या आत जागेवर बसा. सागाचं वाळलेलं पान पायाखाली पापडासारखं मोडतं. उजाडल्यावर चालत गेलात, तर तुमच्याआधी तुमचा आवाज पोचतो. मळकट कपडे, बुंध्याला पाठ, किमान तीस मीटर अंतर. कोतवाल, बुलबुल एका झाडाभोवती कलकलाट करू लागले, की तिथे पिंगळा असू शकतो; दुर्बीण तिकडे वळवा.

पक्षी मान वरखाली करत तुमच्याकडेच रोखून बघू लागला, तर थांबा, हळूच मागे सरका. उडाला तर पाठलाग नको. ढोली सापडलीच, तर तिथे बैठक मारायची नाही; फांद्या तोडून 'मोकळं दृश्य' तर मुळीच करायचं नाही, कारण तीच आडोशाची फांदी शिक्र्यापासून पिल्लांना झाकते.

आणि फोटो टाकताना मोबाईलचं लोकेशन बंद. ठिकाण विचारलं, तर 'सातपुडा' एवढंच सांगा.