तेरेखोलपलीकडची मराठी मंडळी

किरणपाणीच्या पुलावरून तेरेखोल नदी ओलांडायची, आरोंदा, शिरोडा मागे टाकायचं, की वेंगुर्ला येतं. इथे मराठी ख्रिस्ती उपासकांची एक जुनी मंडळी आहे, प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाच्या परंपरेतली. गोव्यात चर्च म्हटलं की आपल्याला वेदी, संतांच्या मूर्ती, फेस्त आठवतं. या परंपरेत यातलं काहीच नाही. इथे बायबल, प्रवचन आणि मराठी गायनं.

याची सुरुवात घाटावर झाली. १८५२ साली रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी कोल्हापुरात आले. १८७० मध्ये हे काम अमेरिकन प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे गेलं आणि पुढे रत्नागिरी, सांगली, मिरज, वेंगुर्ला अशी ठाणी उभी राहिली. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडलं. लोंढ्यामार्गे रेल्वेने जाता येत असल्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी घरांत ‘मिरजेला नेलं’ एवढंच म्हटलं तरी सगळं समजायचं.

वेंगुर्ल्याच्या मिशन दवाखान्यात डॉ. गोहीन होते. त्यांचा मुलगा रॉबर्ट १५ ऑगस्ट १९१९ रोजी इथेच जन्मला. तो पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि १९७७ मध्ये अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतात परतला.

पण मला डॉक्टरांपेक्षा एल्डर, म्हणजे मंडळीचे निवडलेले कारभारी, मोलाचे वाटतात. या परंपरेत कारभार एकट्या पाळकाच्या, म्हणजे पाद्र्याच्या, हाती नसतो. मंडळी आपल्यातूनच एल्डर निवडते, ते पाळकासोबत बसून निर्णय घेतात. गावगाडा वतनदारांच्या शब्दावर चालत होता, त्या काळात साध्या माणसांनी आपले कारभारी स्वतः निवडणं ही लहान गोष्ट नव्हती. मिशनचा पैसा अमेरिकेतून येई, तेव्हा शेवटचा शब्द बऱ्याचदा मिशनऱ्यांचा असे, हेही खरं. तरी सवय लागली ती लागली.

मग ही मंडळी नदीच्या अलीकडे का नाही रुजली? गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत इन्क्विझिशन, म्हणजे कॅथलिक चर्चचं धर्मन्यायालय, होतं, आणि १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक येईपर्यंत कॅथलिक धर्म हाच राजधर्म. दोना पावलाला ब्रिटिशांची जुनी दफनभूमी आहे, पण ती नेपोलियनच्या काळात इथे तळ ठोकलेल्या फौजेची. मराठी उपासनेशी तिचा संबंध नाही. मनाला लागतं ते वेगळंच. फादर स्टीफन्सचं मराठी ‘क्रिस्तपुराण’, सुमारे अकरा हजार ओव्यांचं, १६१६ साली आपल्याच रायतूरला छापलं गेलं. त्याच गोव्यात १६८४ मध्ये स्थानिक भाषेवर बंदीचं फर्मान निघालं.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. प्रेस्बिटेरियन परंपरेच्या या मंडळ्या त्यात सामील झाल्या. जुनं नाव मागे पडलं आणि ज्या परंपरेत बिशप नव्हते, तिथे बिशप आले. एकीसाठी केलेला हा त्याग मोठा होता.

गोवामुक्तीनंतर घाटावरची मराठी ख्रिस्ती कुटुंबं नोकरीधंद्यासाठी गोव्यातही आली. त्यांच्या पूर्वजांच्या बाप्तिस्म्याच्या, लग्नाच्या आणि सभांच्या नोंदी मंडळ्यांच्या दप्तरांत असतात. कोकणच्या दमट हवेत कागद टिकत नाही. ही दप्तरं आजच स्कॅन व्हायला हवीत, आणि गोव्यातल्या मराठी संस्थांनी त्या कामाला हात लावावा.