पाना बसला पायजे

टेबलावर हे जे सामान मांडून ठेवलंय ना, ते माझ्या घरच्या वर्कशॉपमधलं जवळपास सगळंच आहे. वर्कशॉप म्हणजे मानेवाड्याला घराच्या बाजूला टिनाच्या शेडखालची जागा, एक मोटरसायकल उभी राहते आणि तिच्याभोवती माणूस फिरू शकते, बस. बरेच पोट्टे मला विचारतात की भाऊ, घरी काम सुरू करायचं आहे तर कोणता किट घेऊ, ऑनलाइन तो शंभर-सव्वाशे पीसचा डबा दिसते तो घेऊ का. मी म्हणतो, आधी वही घेऊन आपल्या गाडीजवळ बस आणि कोणत्या नटाला किती नंबरचा पाना लागते ते लिहून काढ, नंबर म्हणजे पान्याच्या तोंडाचं माप मिलिमीटरमध्ये. स्प्लेंडर म्हणा, यामाहाची आरएक्स शंभर म्हणा, या जपानी घराण्यातल्या गाड्यांची बरीचशी कामं ८, १०, १२, १४ आणि १७ मध्ये निघतात, चाकाच्या ॲक्सलला कधी त्याहून मोठा लागते. म्हणजे त्या डब्यातले अर्ध्याहून जास्त पीस तुम्ही कधी हातात धरणार नाही, आणि ज्याच्यावर रोज जोर येणार ते १० नंबरचं सॉकेट, म्हणजे बोल्टवर टोपीसारखं बसणारा पाना, त्यात कच्च्या लोखंडाचं निघालं तर मंग काय करायचं?

तेवढ्याच पैशात या पाच नंबरांचे चांगले रिंग पाने येतात, ८-१०-१२ चे टी पाने येतात आणि सहा पैलूंची सॉकेटं येतात. नाशिकची टपारिया घ्या नाहीतर दुसरी कुठली चांगली घ्या, इतवारीत लोहा ओळीत गेलं तर दुकानदार हातात देतात, एक बोल्ट खिशात घेऊन जा आणि पाना त्याच्यावर चढवून हलवून बघा. खडखड वाजला तर ठेवून द्या. सहा पैलू अशासाठी सांगतो की बारा पैलूंचं सॉकेट बोल्टच्या कोपऱ्यांजवळच धरते, बोल्ट थोडा गंजलेला असला की कोपरे चाटून जातात. आणि स्क्रू पाना, तो घरच्या नळासाठी ठीक आहे, गाडीच्या बोल्टला तो लावूच नका, त्याचा जबडा जोरात ढिला होते आणि बोल्ट गोल करून टाकते.

आता हा पेचकस बघा, याच्यावर मी थोडा वेळ घेणार आहे कारण सगळ्यात जास्त नुकसान यानेच होते आणि कोणाला कळतही नाही. माझ्याकडे जुनी आरएक्स शंभर होती, कार्बोरेटर साफ करायला काढला आणि खालच्या वाटीचे चार स्क्रू खोलायला घरातला स्टार पेचकस लावला. तीन निघाले. चौथ्याला मी जोर दिला तर पेचकस फिरण्याऐवजी वर उचलला गेला, पुन्हा दाबला, पुन्हा उचलला गेला, पितळी चुरा दिसायला लागला आणि खाच अशी गोल झाली की त्यात काहीच धरेना. शेवटी तो स्क्रू हिंगण्याच्या एका लेथवाल्याने ड्रिल मारून काढला. मला तेव्हा वाटलं स्क्रूच खराब होता. खरं कारण हे की जपानी गाड्यांचे हे स्क्रू फिलिप्सचे, म्हणजे आपल्या साध्या स्टार पेचकसच्या मापाचे नसतात, जेआयएस म्हणजे जपानी स्टँडर्डचे असतात. वरून दोन्ही सारखेच दिसतात, पण फिलिप्सचं टोक लांब आणि कोपऱ्यात गोलसर राहते, ते जेआयएसच्या खाचेत तळाला आधी टेकते आणि त्याच्या पंखांना भिंती मिळतच नाहीत. बऱ्याच जेआयएस स्क्रूंच्या डोक्यावर एक बारीक ठिपका राहते, घरी जाऊन टॉर्च मारून बघा. जेआयएस पेचकस एकदा लावून बघितला की कळते, तो स्क्रूमध्ये जाऊन बसते, सोडला तरी हलत नाही. नाहीच मिळाला तर साध्या स्टार पेचकसचं टोक ग्राइंडरवर अगदी थोडं, अर्धा-पाऊण मिलिमीटर घासा, निम्मं काम होते.

इंजिनच्या बाजूच्या कव्हरचे स्क्रू वर्षानुवर्षं उन्हात आणि तेलात तापून बसलेले राहतात, त्यांना हाताचा जोर पुरत नाही. त्यासाठी हा इम्पॅक्ट ड्रायव्हर, वरून हातोडी मारली की तो खाली दाबते आणि त्याच क्षणी वळते, म्हणून खाच चाटत नाही. इलेक्ट्रिकवाला नाही म्हणत मी, हा हातोडीवाला साधा.

खोलण्याइतकंच कसणं महत्त्वाचं आहे. माझ्या दुसऱ्या गाडीचं ऑइल एका सर्व्हिसवाल्याकडून बदलून घेतलं होतं, पुढच्या वेळी घरी मी ऑइल काढायचा खालचा ड्रेन बोल्ट खोलला तर तो सुरुवातीपासून शेवटपर्यंत जड आला आणि बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांमध्ये चांदीसारखी चकचकीत तार गुंडाळलेली होती, स्प्रिंगसारखी. ती तार म्हणजे इंजिनचे आटे होते. बोल्ट स्टीलचा आणि इंजिनची बॉडी ॲल्युमिनियमची, जास्त कसलं की मऊ धातू जाते. मंग हेलिकॉइल, म्हणजे गेलेल्या आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी, बसवावी लागली आणि ज्या कामाला अर्धा तास लागते त्याला दोन दिवस गेले.

म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने कसायचं ते ज्याच्यावर लावता येते असा पाना. १० नंबरचा पाना लागणारा बोल्ट बहुतेक ६ मिलिमीटर जाडीचा असते आणि मॅन्युअलमध्ये वेगळं काही लिहिलं नसेल तर त्याला साधारण १० न्यूटन मीटर (कसण्याच्या जोराचं माप) पुरते. १५ सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकाला म्हणजे जेमतेम ७ किलोचा जोर, आपला हात नकळत त्याच्या दुप्पट देते. घेताना एक लक्षात ठेवा, कारवाले अर्धा इंची, म्हणजे सॉकेट बसते ते चौकोनी टोक अर्ध्या इंचाचं असलेला टॉर्क रेंच वापरतात, तो बऱ्याचदा ४० न्यूटन मीटरच्या आसपास सुरू होते, आपल्या बारक्या बोल्टांना काही कामाचा नाही. पाव इंची किंवा ३/८ चा, ५ ते २५ मधला पायजे. काम झालं की सेटिंग सगळ्यात खाली आणून ठेवायचं आणि त्याने कधीच बोल्ट खोलायचा नाही.

बाकीचं पटकन सांगतो. प्लग पाना, टॅपेटची (इंजिनच्या वाल्वजवळची) फट मोजायला फीलर गेज, हवेचं मीटर, एलन कीचा सेट, आणि मेन स्टँड नसलेल्या गाडीला पॅडॉक स्टँड, कारण मागचं चाक मोकळं फिरल्याशिवाय चेनचं काम होत नाही. मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट मोजायचं मीटर, मात्र आपल्याकडे पायजेच. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, बॅटरीचं पाणी उडते, आणि लोक सेल्फ बंद पडला की सरळ नवीन बॅटरी आणतात. आधी बंद गाडीवर मोजा, चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, मंग गाडी चालू करून थोडी रेस देऊन मोजा, १३.५ ते १४.५ च्या मध्ये आलं तर चार्जिंग ठीक आहे, १३ च्याही खाली राहिलं तर नवीन बॅटरीही चार दिवसांत बसणार.

आणि आपल्या नागपूरची गोष्ट म्हणजे कूलर. ज्या खोलीत डेझर्ट कूलर चालते तिथे अवजारं उघडी ठेवू नका, दोन महिने ओली हवा खाऊन नवीन पानेही लाल पडतात. मी ऑइलच्या फडक्याने पुसून डब्यात ठेवतो. कूलरचा मोह सोडा आणि सकाळी सहाला काम सुरू करा, मोकळ्या हवेत, कारण पेट्रोलची वाफ बंद खोलीत साचते आणि एक ठिणगी पुरते. चेन धुवायला रॉकेल किंवा डिझेल घ्या, पेट्रोल नको. निघालेलं जुनं ऑइल कॅनमध्ये जमा करा, नालीत टाकू नका, ते पाणी पुढे नाग नदीत जाते.

हा कार्बोरेटर मी मुद्दाम आणलाय, बाजूला दोन्ही पेचकस ठेवले आहेत. एकेक जण पुढे या, आधी साधा लावा पण जोर देऊ नका, फक्त हलवून बघा, मंग जेआयएस लावून स्क्रू सैल करा. आणि परत हलक्या हाताने कसून ठेवा, तुमच्या मागच्यालाही बघायचंय.