तीस दिवसांचं बिल शून्य कसं आलं?

मंडळी, वेबसाइट बनवायच्या पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत सदाशिव पेठेतल्या एखाद्या मेसचा हिशेब घेऊ. डबा ९० रुपयांना, रोज एक. हा दर वेगळ्या फाइलमध्ये ठेवला: $दर = ९०. (पीएचपीत व्हेरिएबलचं, म्हणजे किंमत साठवणाऱ्या $दरसारख्या खुणेचं, नाव देवनागरीत चालतं, आकडे मात्र इंग्रजीच लागतात.) बिल काढणाऱ्या फंक्शनच्या आत ती फाइल 'रिक्वायर वन्स'ने, म्हणजे फाइल एकदाच आणणाऱ्या आदेशाने, आणली आणि दराला दिवसांनी गुणलं. पहिल्या मेंबरचं ३० दिवसांचं बिल २७०० आलं. दुसऱ्याचं शून्य. तिसऱ्याचंही शून्य.

गुणाकार चुकलेला नाही. फाइल इन्क्लूडने आणा वा रिक्वायरने, आणलेल्या फाइलला स्वतःचा स्कोप (व्हेरिएबल जिथवर ओळखलं जातं ती हद्द) नसतो. ती ओळ जिथे लिहिली, तिथला स्कोप फाइलला मिळतो. इथे ओळ फंक्शनच्या आत आहे, म्हणून $दर लोकल, म्हणजे त्या फंक्शनपुरताच, झाला आणि फंक्शन संपताच गेला. दुसऱ्या खेपेला 'वन्स' बघतो की फाइल आधीच लोड झाली आहे, आणि ती पुन्हा चालवतच नाही. मग $दर येणार कुठून? त्याच्या जागी नल, म्हणजे 'काहीच नाही', आणि नल गुणिले ३० म्हणजे शून्य. पीएचपी ८ वॉर्निंग देतं, पण लाइव्ह सर्व्हरवर एरर दाखवणं बहुधा बंद असतं. वॉर्निंग लॉगमध्ये पडून राहते आणि लॉग कोणी उघडत नाही.

गोंधळ वाढतो तो यामुळे, की त्याच फाइलमधली फंक्शन्स आणि क्लास मात्र ग्लोबल होतात, म्हणजे सगळीकडे मिळतात, इन्क्लूड कुठूनही केलेलं असो. फंक्शन सापडतं, व्हेरिएबल सापडत नाही. म्हणून माणूस फाइलचा पाथ तपासत बसतो.

'वन्स' काढून टाकलं तर दर मिळेल, पण फाइलमध्ये एखादं फंक्शन असेल तर दुसऱ्या खेपेला 'ते आधीच डिक्लेअर झालंय' म्हणून फेटल एरर. काही जण फाइलमध्ये 'रिटर्न ९०' लिहितात आणि बाहेर ते $दरमध्ये घेतात. कल्पना चांगली, पण 'वन्स' तसाच ठेवला तर दुसऱ्या खेपेला ९० ऐवजी ट्रू हातात येतं. गुणाकारात ट्रू म्हणजे १, म्हणून ट्रू गुणिले ३० म्हणजे ३०. महिन्याचा डबा तीस रुपयांत! शून्यापेक्षा हे वाईट, कारण आकडा खरा वाटतो.

मी असं करीन: फाइल दर रिटर्न करील, ती साध्या रिक्वायरने प्रोग्रामच्या सुरुवातीला एकदाच वाचायची आणि दर फंक्शनला आर्ग्युमेंट म्हणून द्यायचा. फंक्शनच्या आत 'ग्लोबल $दर' लिहूनही भागतं, पण मग दर कुठून आला आणि कोणी बदलला, हे शोधायला सगळ्या फाइली चाळाव्या लागतात.

उलटा घोळही होतो. पीएचपीत लूपला (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या फेऱ्यांना) वेगळा स्कोप नाही. बाहेर $i शून्यापासून ३० च्या आतपर्यंत फिरतोय आणि प्रत्येक फेरीला एक टेम्प्लेट, म्हणजे पानाचा साचा असलेली फाइल, इन्क्लूड होतं. टेम्प्लेटमध्ये आठवड्याच्या सात वारांसाठी पुन्हा $iच वापरला, तर आतला लूप संपताना $i ७ असतो, बाहेरचा त्याला ८ करतो, पुढच्या फेरीत पुन्हा ७. हा लूप कधीच संपत नाही. अशी टेम्प्लेट फंक्शनच्या आतून इन्क्लूड करा; तिथे लोकल स्कोप हाच बाहेरच्या $iचा बचाव आहे.