किमो चालू असताना मन खचतं तेव्हा
(सांगलीत झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. मी मानसोपचाराचा डॉक्टर, कॅन्सरचा नव्हे. माझ्याकडे कॅन्सरचे पेशंट येतात ते बहुधा उशिरा, आणि आले तरी बोलतात त्यांचे नातेवाईक. मी विचारतो, "काकू, कसं वाटतंय?" उत्तर शेजारच्या खुर्चीतून येतं, "बरं हाय त्यांचं. फक्त जेवण जात न्हाई, रात्रीची झोप न्हाई." काकू मांडीवरच्या फायलींच्या पिशवीची गाठ सोडतात, पुन्हा बांधतात. म्हणून नातेवाइकांना पहिली विनंती: पाच मिनिटं बाहेर बसा. चहा घ्या. पेशंटला एकट्याला बोलू द्या.

खरी अडचण अशी, की भूक नाही, झोप नाही, अंगात त्राण नाही ही किमोची लक्षणं आणि हीच डिप्रेशनचीही. मग ओळखायचं कसं? आपल्या भागातलंच उदाहरण घेऊ. शेतात हळद निघालीय आणि हा माणूस अंथरुणाला खिळलेला. पोरगा संध्याकाळी घरी आला की तो विचारतो, "किती निघाली? शिजवायला कधी लावताय? भाव काय म्हणतोय?" हा माणूस थकलाय, मन शाबूत आहे. दुसऱ्याला पोरगा आपणहून भाव सांगतो आणि तो भिंतीकडे तोंड करून म्हणतो, "मला काय करायचंय आता." काळजी मला या दुसऱ्याची वाटते. कशातच गोडी नाही, किंवा मन सारखं उदास, असं दोन आठवडे जवळजवळ रोज चाललं असेल, तर कॅन्सरच्या डॉक्टरांना सांगा. उलटी सांगता ना, तसंच हेही सांगायचं. कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या साधारण सहा जणांत एकाला औषधोपचाराची गरज पडावी असं डिप्रेशन आढळतं. बाकीच्यांचं रडू, चिडचिड, धास्ती हे बहुतेक वेळा आजाराच्या धक्क्यातून येतं आणि हळूहळू ओसरतं.

आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट भरपूर. त्यांच्यात आणखी एक गोष्ट दिसते: "मावा मीच खाल्ला, आता घरादाराला खड्ड्यात घातलं." ही अपराधी भावना डिप्रेशनमध्ये फार फुगते. त्यात तंबाखू एकदम सुटलेली, त्यामुळं चिडचिडही असते. अशा वेळी भेटायला येणाऱ्यांनी "तरी सांगत होतो" हे वाक्य घरीच ठेवून यावं.

औषध लिहिण्याआधी आम्ही शरीराचीही कारणं बघतो. हिमोग्लोबिन उतरलंय का? दुखणं नीट आटोक्यात आहे का? नुसती वेदना थांबली तरी मन सावरलेलं कितीतरी वेळा दिसतं. मानेवर रेडिएशन झालं असेल तर काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही थायरॉइड मंदावतं आणि माणूस सुस्त, उदास दिसतो. उलटी होऊ नये म्हणून किमोसोबत डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड देतात. त्यानं काही जणांची झोप उडते, बोलणं वाढतं, आणि ते थांबलं की मन एकदम खाली येतं. घरच्यांना वाटतं, हे काय नवीन.

आता "पॉझिटिव्ह राहा" बद्दल. माझं यावर ठाम मत आहे. उदास राहिल्यानं कॅन्सर वाढतो, असा भरवशाचा पुरावा नाही. १९७७ पासून न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात कॅन्सर पेशंटच्या मनावर काम करणाऱ्या जिमी हॉलंड या डॉक्टरबाई पॉझिटिव्ह राहण्याच्या या सक्तीला सकारात्मक विचारांची जुलूमशाही म्हणत. रडू आलं की बाथरूममध्ये जाऊन नळ सोडणारी बाई माझ्या मते खंबीर नसते, एकटी पडलेली असते.

गोळ्यांची भीती मोठी असते, म्हणून स्पष्ट सांगतो. डिप्रेशनच्या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी थोडे जास्त. तेव्हा आठवड्यात सोडू नका आणि मनानं एकदम बंदही करू नका. मळमळ आणि झोप दोन्हींचा त्रास असेल तर मिर्टाझापिनसारखी गोळी एका दगडात दोन पक्षी मारते. मात्र स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असेल तर पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन या डिप्रेशनच्या गोळ्या टाळतात, कारण त्यांनी टॅमॉक्सिफेनचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून माझ्यासारख्याकडं येताना सगळी फाइल आणा, नुसती शेवटची चिठ्ठी नको.

गोळ्यांइतकंच चालणंही महत्त्वाचं. थकव्यावर नुसती विश्रांती पुरत नाही, थोडं चालल्यानं तो कमी होतो. किमोच्या तीन आठवड्यांच्या सायकलमध्ये, म्हणजे एका डोसापासून पुढच्या डोसापर्यंत, बहुतेकांचा तिसरा आठवडा बरा जातो. आमराईत फेरी, बहिणीकडं जेवण, असलं काही त्या आठवड्यात ठरवा. मधल्या दिवसांत पांढऱ्या पेशी उतरतात, जंतुसंसर्ग पटकन होतो, तेव्हा लग्नाच्या गर्दीत नेऊ नका.

शेवटी अवघड गोष्ट. पेशंट "आता नको झालंय" म्हणाला, तर विषय बदलू नका. "जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट सांगायला वाट मिळते. उत्तर हो आलं तर त्याला एकटं ठेवू नका, फवारणीचं औषध आणि गोळ्यांचा डबा त्याच्या हाताला लागणार नाही असा कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री सरकारच्या टेली-मानस या मनाच्या आरोग्यासाठीच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लागतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. नातेवाइकांनी स्वतःसाठी लावला तरी चालतो.