श्टाझीची फाडलेली कागदपत्रं

४ डिसेंबर १९८९. पूर्व जर्मनीतलं एरफुर्ट शहर. श्टाझीच्या, म्हणजे गुप्त पोलिसांच्या, कार्यालयातून धूर निघू लागला. फायली जळताहेत हे ओळखून शहरातल्या काही बायकांनी पुढाकार घेतला. लोक आत शिरले आणि सरकारी वकिलांना बोलावून खोल्यांना सील ठोकायला लावलं. बर्लिनच्या मुख्यालयात लोक शिरले ते १५ जानेवारी १९९० ला. मधल्या सहा आठवड्यांत काय काय नष्ट झालं असेल याचा विचार करा. परदेशी हेरगिरीच्या विभागाला तर स्वतःचा गाशा स्वतःच गुंडाळायची मुभा मिळाली. त्याच्या बहुतेक फायली कायमच्या गेल्या.

तरीही उभ्या लावल्या तर १११ किलोमीटर भरतील एवढे कागद वाचले. त्यात एक माणूस शोधायचा कसा? दोन प्रकारच्या कार्डांवरून. एफ-१६ कार्डावर खरं नाव, जन्मतारीख आणि नोंदणी क्रमांक असतो. एफ-२२ वर तोच क्रमांक आणि प्रकरणाचं किंवा खबऱ्याचं टोपणनाव असतं, खरं नाव नसतं. दोन्ही जुळली तरच खबऱ्या कोण ते कळतं. म्हणून एक कार्डपेटी गहाळ झाली तरी दुसरी जवळपास मुकी होते.

श्टाझीच्या फायलींबद्दलच्या कायद्यामुळे २ जानेवारी १९९२ पासून पाळतीखाली राहिलेल्या माणसाला अर्ज करून स्वतःची फाईल वाचता येते. प्रतीमध्ये इतर पीडितांची नावं काळी केलेली असतात. खबऱ्याचं खरं नाव मात्र वेगळी मागणी केल्यास आणि ओळख पक्की असल्यास मिळतं. या कायद्यातलं हे सर्वांत न्याय्य कलम आहे. शेजाऱ्याचं खासगी दुखणं चव्हाट्यावर येत नाही, पण चुगली करणारा लपत नाही.

कोर्टाची ताकद त्यामानाने तोकडी ठरली. १९५७ पासून श्टाझीचा प्रमुख असलेल्या एरिश मील्केला १९९३ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, तीही १९३१ साली केलेल्या दोन पोलिसांच्या खुनांसाठी.

राहिली पोती. कागद कापायची यंत्रं कमी पडली, तेव्हा अधिकाऱ्यांनी हातांनी कागद फाडले. अशी सुमारे १६,००० पोती सापडली. १९९५ पासून न्यूरेंबर्गजवळच्या त्सिर्नडॉर्फमध्ये ती हाताने जोडायला सुरुवात झाली.

पोतं कधीच उपडं करायचं नाही. एकत्र फाडलेले कागद बहुधा एकाच थरात पडलेले असतात. तो थर विस्कटला की काम कैकपटीने वाढतं. तुकडे वरून, थराथराने उचलायचे. मग कागदाचा रंग, जाडी, रेघा, टाइप की हस्ताक्षर, शाई यांवरून वेगळे करायचे. फाटलेली कड कडेला भिडवायची, मजकूर पुढे वाचता येतो का ते पाहायचं आणि मगच चिकटपट्टी लावायची. फसगत होते ती गठ्ठ्याने फाडलेल्या पानांत, कारण त्यांच्या कडा जवळपास सारख्याच असतात. तिथे वाक्यच निर्णय देतं.

या पद्धतीने सुमारे ५०० पोत्यांतून १५ लाखांहून जास्त पानं उभी राहिली. फ्राउनहोफर या जर्मन संशोधन संस्थेने २००७ पासून संगणकाने जोडणी करून पाहिली. तुकड्याच्या दोन्ही बाजू स्कॅन करून आकार आणि रंग जुळवणारी ती प्रणाली होती. पण इतके बारीक तुकडे भराभर स्कॅन करणं जमलं नाही आणि काम २३ पोत्यांवर थांबलं.

उरलेली सुमारे १५,००० पोती जून २०२१ पासून जर्मनीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे आहेत. फाडलेल्या कागदांत अधिकाऱ्यांच्या टेबलांवरची चालू प्रकरणं बरीच होती, म्हणून या कामाला पुरेशी माणसं आणि पैसा मिळायलाच हवा. अर्ज केलेले कितीतरी लोक आता म्हातारे झाले आहेत.