सेट म्हणजे संच नव्हे

पत्रिकेवर विषय छापलाय ‘लहान शब्दांना एवढे अर्थ का असतात’. तिथे मी पोचणार आहे, काळजी नसावी. पण आधी माझं एक जुनं दुखणं ऐकून घ्यावं लागेल. दारं लावलेली आहेत, त्यामुळे तुमचाही नाइलाज आहे.

काही वर्षांपूर्वी एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेचं काम माझ्याकडे आलं. इंग्रजीतून मराठीत. कंपनीचं नाव सांगत नाही. सोबत एक शब्दसूची होती आणि ताकीद होती की सूचीबाहेर जायचं नाही. सूचीत ‘सेट’पुढे एकच शब्द: संच. मी कसला ऐकतोय! हत्यारांचा सेट होता तिथे ‘संच’ लिहिलं, टायमर सेट करायचा होता तिथे ‘टायमर लावा’, आणि चिकटवायचं द्रव्य सेट व्हायचं होतं तिथे ‘घट्ट होऊ द्या’. पंधरा दिवसांनी छापील प्रत हातात आली. मधल्या काळात कोणी तरी तपासनीस सूची घेऊन सगळ्या मजकुरावरून फिरून गेला होता. पान सातवर होतं: ‘संच-स्क्रू आवळा. द्रव्य संच होईपर्यंत यंत्र हलवू नये. त्यानंतर टायमर संच करा.’ (हशा) आणि शेवटच्या पानावर, बारीक टाइपात, भाषांतरकार म्हणून माझं नाव.

तुम्ही हसताय. मी फोन केला तर पलीकडचे गृहस्थ अगदी शांतपणे म्हणाले, “पण सर, ‘संच’ चूक आहे का? डिक्शनरीत आहे.” आता काय बोलणार? चूक नव्हतंच ते! पुढे ते यंत्र जोडणारा एक फिटर भेटला. त्याने पान वाचलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, “साहेब, सरळ सेट लिहा की. स्क्रू सेट करायचा, माल सेट होऊ द्यायचा, मग टायमर सेट करायचा.” एका दमात तीन अर्थ, आणि त्याचा कुठेही गोंधळ नाही. माझ्या दोन महिन्यांच्या कामापेक्षा ते एक वाक्य चांगलं होतं, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

‘बरीच वर्षं लागली’ म्हटलं मी आत्ता. हे ‘लागणं’ लक्षात ठेवा, परत लागणार आहे.

खरी गंमत अशी की तो ‘संच’वाला सेट मुळात या घरातलाच नाही. तो जुन्या फ्रेंचमधून आला, त्याच्यामागे लॅटिन ‘सेक्टा’. म्हणजे एकाच्या मागून जाणाऱ्यांचा गट, पंथ. इंग्रजीतला ‘सेक्ट’ त्याचा सख्खा भाऊ. क्रियापद मात्र अस्सल इंग्रजी. सिट म्हणजे बसणे, सेट म्हणजे बसवणे. इंग्रजीत अशा प्रयोजक जोड्या आता थोड्याच उरल्यात: फॉल म्हणजे पडणे आणि झाड तोडून पाडणे म्हणजे फेल. पडणे-पाडणे! आता आपलं ‘बसवणे’ घ्या आणि चालू लागा. निखळलेलं हाड बसवतात, अंगठीत खडा बसवतात. तिथे इंग्रज सेटच म्हणतो. पूर्वी छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवत, तेही त्याचं सेट. माझ्या सूचीत ‘संच’ऐवजी ‘बसवणे’ असतं तर निम्मी पुस्तिका वाचली असती. पण सूची करणारा नामापाशीच थांबला होता.

(चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणतायत. म्हणजे पाच.)

तर मूळ मुद्दा, भराभर. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या वीस खंडी आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद ‘सेट’ची होती, सुमारे साठ हजार शब्दांची. पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’ त्याच्या पुढे गेला: नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ. गाडी, यंत्र, कारखाना, संगणकावरचा प्रोग्राम, सगळंच ‘रन’ व्हायला लागल्यावर बसवणाऱ्याला पळणारा मागे टाकणारच.

का होतं असं? अमेरिकन भाषाभ्यासक जॉर्ज झिफ यांनी १९४५मध्ये मांडलं की शब्दाच्या अर्थांची संख्या साधारण त्याच्या वापराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. शंभरपट वापर, दहापट अर्थ. पण ऐकणाऱ्याला ते अर्थ मोजावे लागत नाहीत, शेजारचा शब्द निवाडा करतो. आपलंच ‘लागणे’ बघा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, दार लागतं, आणि ‘हा तुमचा कोण लागतो?’ यात कोणी अडलंय का आजवर? अडतो तो सूची करणारा, कारण तो शब्दाला शेजाऱ्यांपासून तोडून एकटा उभा करतो. यावर पुष्कळ बोलायचं होतं, राहिलं.

सूर्याचं मात्र सांगतोच. त्याला बसवणारा कोणी नाही, मग तो ‘सेट’ कसा होतो? जुन्या इंग्रजीत सूर्यास्ताला एक शब्द होता, ‘सेटल्गांग’. सेट्ल म्हणजे आसन, गांग म्हणजे जाणं. सूर्य आपल्या आसनाकडे निघाला. अध्यक्ष मघापासून माझ्या खुर्चीकडे बोट दाखवतायत, तेव्हा माझंही सेटल्गांग झालं.